ड्रॉप घेऊ की बीएस्सी करू?

वाराणसीत मणिकर्णिकेला लागून उत्तरेला शिंदे घाट येतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी तो १८३० च्या सुमारास बांधवला. त्याच्या पुढे भोसले घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट अशी जुन्या मराठी वस्तीची ओळ लागते. या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या शास्त्री आणि वैदिक घडले. घरातला मुलगा काय शिकणार हे त्याच्या मुंजीच्या आधीच ठरलेलं असे. आता तसं राहिलेलं नाही. देशातल्या कुठल्याही गावासारखा इथेही उन्हाळ्याचा शेवट नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, निकालाने होतो. ज्या मुलाला किंवा मुलीला डॉक्टर व्हायचं आहे आणि बारावीच्या वर्षी गुण कमी पडले आहेत, त्यांच्या घरी मग एकच वाद चालतो: वर्षभर दुसरं काही न करता नीटच द्यायची, की बीएस्सीला नाव घालून सोबत तयारी करायची? बहुतेक घरं पहिल्या बाजूला झुकतात. त्याला ‘ड्रॉप घेणं’ म्हणतात आणि त्यात एक प्रकारचा निर्धार दिसतो. बीएस्सी मात्र हरलेल्याने पत्करलेली सोय ठरते. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. अगदी थोडक्यात जागा हुकलेल्या मूठभरांचा अपवाद सोडला, तर वैद्यकीय प्रवेशाची दुसरी आणि तिसरी तयारी पदवीच्या वर्गात बसून करणंच अधिक शहाणपणाचं आहे. त्याची कारणं परीक्षेच्या गणितातही आहेत आणि वैद्यकीच्या इतिहासातही.

आधी गणित. २०२५ च्या नीटला सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले आणि त्यांतले सुमारे १२ लाख ३६ हजार ‘क्वालिफाय’ झाले. एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांतल्या. म्हणजे बसलेल्या सतरा-अठरा जणांमागे एक जागा, आणि परवडणारी जागा पस्तीसेक जणांमागे एक. ‘क्वालिफाय झालो’ हे वाक्य घरोघरी पेढे वाटायला लावतं, पण त्याचा अर्थ फार थोडा आहे. खुल्या गटासाठी ती रेषा पन्नासाव्या शतमकाची असते, म्हणजे परीक्षेला बसलेल्या निम्म्या लोकांच्या वर असणं. २०२५ मध्ये ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. खुल्या गटातून सरकारी जागा मिळवायला त्याच्या तिपटीहून अधिक गुण लागले. दीडशे गुण मिळवून क्वालिफाय झालेल्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना वाटतं की थोडंसंच कमी पडलं, एक वर्ष जोर लावला की झालं. हे ‘थोडंसं’ तीनशे-साडेतीनशे गुणांचं असतं. ड्रॉपचा निर्णय बहुतेक वेळा या गैरसमजावर उभा असतो, म्हणून गुणपत्रिका समोर ठेवून पहिला प्रश्न हा विचारायला हवा की आपल्या गटाची, आपल्या राज्याची शेवटची सरकारी जागा गेल्या वर्षी किती गुणांवर बंद झाली. अंतर वीस-तीस गुणांचं असेल तर ड्रॉपचा विचार करता येईल. त्याहून जास्त असेल, तर एका वर्षात ते भरून निघेल असं गृहीत धरून सगळं पणाला लावणं हा हिशेब नव्हे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचाच आहे. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार त्या राज्यातल्या एमबीबीएस प्रवेशांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा वाटा २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ७१.४२ टक्क्यांवर गेला. समितीचा रोख नीटविरोधी होता हे खरं, पण आकडे बोलके आहेत. शिकवणीवाले हेच चित्र वेगळ्या रंगात दाखवतात: बघा, दहातले सात जण ड्रॉपवाले असतात, म्हणजे ड्रॉप घेतल्याने प्रवेश मिळतो! इथे तर्क घसरतो. प्रवेश मिळालेल्यांत ड्रॉपवाले किती, हा एक प्रश्न. ड्रॉप घेतलेल्यांत प्रवेश मिळालेले किती, हा अगदी वेगळा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर निघत नाही. पुन्हा बसणाऱ्यांची संख्याच अफाट असेल, तर त्यांतले थोडे निवडले गेले तरी निवडलेल्यांत त्यांचा वाटा मोठा दिसणार. जे निवडले गेले नाहीत ते कुठल्याही फलकावर नसतात. शिवाय ‘पुन्हा परीक्षा देणारा’ या शब्दांत घरी बसलेला आणि बीएस्सीच्या वर्गात बसलेला असे दोघेही येतात. दुसऱ्यांदा परीक्षा देणं उपयोगी ठरतं, एवढंच या आकड्यांनी सिद्ध होतं, आणि त्याबद्दल वाद नाही. ते वर्ष इतर सगळं सोडून काढावं, असं त्यांतून कुठेच निघत नाही.

शिंदे घाटाचं मूळ बांधकाम इतकं अवजड होतं की काठाच्या जमिनीला ते पेलवलं नाही आणि घाट खचला. दगड चांगला होता, कारागीर चांगले होते. भार कुठे आणि किती टाकला, तिथे चुकलं. ड्रॉपच्या वर्षाची रचना अशीच असते. बारा महिन्यांचा सगळा भार मे महिन्यातल्या एका रविवारच्या दुपारवर येतो: तीन तास, १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलेल्याला वजा एक. ती दुपार कशी जाईल हे मुलाच्या अभ्यासावर अवलंबून असतं, पण तेवढ्यावरच नाही. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर दुरुस्त झाल्यावर ते १७ उरले. पेपरफुटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो मिटेतो जुलैचा शेवट आला. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राचा भाग एवढा कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. म्हणजे एका वर्षीच्या प्रश्नपत्रिकेवरून केलेला अंदाज दुसऱ्या वर्षी लागू पडत नाही. अशा परीक्षेसाठी वर्षभर कष्ट करणं योग्यच आहे, पण ती नीट गेली नाही तर हातात शून्य राहील अशी व्यवस्था आपणच करून ठेवणं योग्य नाही.

बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालय, हा नियम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तो किती अलीकडचा आहे हे विसरायला होतं. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात दहावी-बारावीची रचना येईपर्यंत मॅट्रिक अकरावीला होत असे आणि वैद्यकीय प्रवेश मिळे तो इंटर सायन्सच्या गुणांवर. इंटर सायन्सला ‘बी ग्रुप’ घेतलेली मुलं कॉलेजात दोन वर्षं काढून मग मेडिकलला जात. आज ऐंशीच्या घरात असलेले मराठी डॉक्टर असे कॉलेजमधून गेलेले आहेत. आणखी मागे गेलं तर भाऊ दाजी लाड दिसतात: एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले, तिथेच अध्यापक झाले आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्या तुकडीत विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. १८५१ मध्ये ते तिथून पदवी घेऊन बाहेर पडले. अमेरिकेतला प्रवास उलट्या दिशेने झाला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांच्यापाशी कुठल्याही कॉलेजची पदवी नव्हती, आणि त्या काळी तिकडच्या पुष्कळ वैद्यकीय संस्थांना ती लागतही नसे. दहाच वर्षांनी, १८९३ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सने आपलं वैद्यकीय महाविद्यालय उघडलं ते प्रवेशासाठी पदवीची अट घालूनच. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने वैद्यकीच्या आधी निदान दोन वर्षांचं महाविद्यालयीन विज्ञान हवं असा आग्रह धरला, आणि हळूहळू चार वर्षांची पदवी हा तिथला रिवाज झाला. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरातली मुलगी आज ‘प्रीमेड’ म्हणते ते हेच. तिच्या प्रवेशपरीक्षेत, एमकॅटमध्ये, २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही विभाग आहे, आणि अपरिचित उतारा वाचून विचार करायला लावणारा एक स्वतंत्र भागही. २०२३-२४ मध्ये तिथे ५२,५७७ जणांनी अर्ज केले आणि २२,९८१ जणांनी प्रवेश घेतला. हे प्रमाण पाहून हेवा वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण अर्जाआधीच्या चार वर्षांत पुष्कळ जण आपणहून गळालेले असतात. गळतात ते रिकाम्या हाताने नाही, एवढा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

काशीला तर यासाठी अमेरिकेकडे पाहायचीही गरज नाही. सुश्रुतसंहितेची परंपरा सांगते की काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुताला शल्यतंत्र शिकवलं. दारानगरच्या मृत्युंजय महादेवाच्या आवारातली विहीर आजही धन्वंतरीच्या नावाने ओळखली जाते. या संहितेच्या सूत्रस्थानात दुसराच अध्याय शिष्य कसा निवडावा याचा आहे, म्हणजे आजच्या भाषेत प्रवेशाचा. त्यात कुळाची वगैरे मोजमापं आहेत, ती त्या काळाची म्हणून बाजूला ठेवू. पण स्मृती आणि बुद्धी यांच्याबरोबर धैर्य आणि शील यांनाही तिथे जागा आहे. चौथ्या अध्यायात सांगितलं आहे की एकच शास्त्र शिकणाऱ्याला त्या शास्त्राचाही निश्चय होत नाही, म्हणून वैद्य बहुश्रुत असावा. नवव्या अध्यायात शिष्याने शस्त्रकर्माचा सराव कशावर करावा त्याची यादी येते: छेद घ्यायला कोहळा, दुध्या, कलिंगड, शीर वेधायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. आज राष्ट्रीय वैद्यक आयोग प्रत्येक महाविद्यालयात पुतळ्यांवर सराव करण्याची कौशल्य-प्रयोगशाळा मागतो, त्याची ही मूळ कल्पना. गंमत अशी की २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद केलं, तेव्हा बीएस्सीच्या मुलांच्या हातून बेडूक गेला आणि त्या जागी कोहळादेखील आला नाही. वैद्याला आपल्या विषयापलीकडचं काही ठाऊक असावं, ही अपेक्षा मात्र या गावाची फार जुनी. २०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा पहिल्या महिन्यात १७५ तासांचा ‘फाउंडेशन कोर्स’ घालावा लागला, ज्यात भाषा, संवाद, वेळेचं नियोजन, वैद्यकीय नीती असल्या गोष्टी होत्या. बारावी आणि शिकवणी यांतून आलेल्या मुलाकडे त्या नसतात, याची ही अधिकृत कबुलीच म्हणायची.

इथे कुणी म्हणेल, पदवी घेऊन आलेले डॉक्टर अधिक चांगले होतात याला पुरावा आहे का? ठामपणे म्हणता येईल असा नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात शाळेतून थेट आलेले आणि पदवीनंतर आलेले असे दोन्ही विद्यार्थी एकाच व्यवस्थेत शिकतात, त्यामुळे त्यांची तुलना अनेकदा झाली आहे, आणि परीक्षांतल्या यशात मोठा फरक निघालेला नाही. म्हणून बारावीला पहिल्याच प्रयत्नात जागा मिळवणाऱ्या मुलीने आधी बीएस्सी करावं, असं मी म्हणणार नाही. तिने खुशाल जावं. माझा मुद्दा उरलेल्यांचा आहे, आणि उरलेले संख्येने फार जास्त आहेत. त्यांच्यापैकी काहींना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जागा मिळेल, बहुतेकांना कधीच मिळणार नाही. कोण कुठल्या बाजूला पडेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. जी व्यवस्था या दोन्ही शक्यतांसाठी चालते ती निवडावी, इतकं साधं हे गणित आहे.

नियमांची आडकाठी या वाटेवर नाही. वय १७ पूर्ण असावं ही अट आहे, वरची मर्यादा २०२२ पासून उठलेली आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असलेला विद्यार्थी बीएस्सी करताना किंवा केल्यावरही नीटला बसू शकतो. बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांनाही नोव्हेंबर २०२३ च्या आयोगाच्या सूचनेने दार उघडलं: जीवशास्त्र नंतर जादा विषय म्हणून उत्तीर्ण केलं तरी चालतं. नियमांपेक्षा वेळापत्रकाची अडचण मोठी आहे, आणि ती बहुतेक घरांना उशिरा कळते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या (बीएचयू) बीएस्सीचा प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो आणि सीयूईटीचा अर्ज नीटच्या आधीच भरावा लागतो. नीटचा निकाल बघून मग ठरवू म्हणणाऱ्याच्या हातून विद्यापीठाचं हे दार तोवर बंद झालेलं असतं, आणि मग ड्रॉप हा निर्णय न राहता नाइलाज होतो. बारावीच्या वर्षी दोन्ही अर्ज भरायचे; यात नीटवरचा विश्वास कमी होण्याचं कारण नाही.

विषय निवडताना एक खड्डा आहे. जीवशास्त्राची मुलं बहुधा प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र हे त्रिकूट घेतात आणि भौतिकशास्त्र बारावीबरोबर मागे पडतं. नीटमध्ये भौतिकशास्त्राचे १८० गुण आहेत, रसायनशास्त्राचे तेवढेच आणि जीवशास्त्राचे ३६०. जीवशास्त्रात चांगली मुलं एकमेकांपासून फारशी लांब नसतात. गुणवत्ता यादीत वरखाली होतं ते बहुतांशी भौतिकशास्त्रामुळे. तेव्हा बीएस्सी सोबत तयारी म्हणजे खरं तर कॉलेजातलं रसायन आणि जीवशास्त्र अधिक घरचं भौतिकशास्त्र, असा हिशेब धरावा आणि रोजच्या अभ्यासाचा मोठा वाटा गणितं सोडवण्यात जावा. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी पेशी, जीवरसायन, आनुवंशिकता हे घटक असतात. एनसीईआरटीच्या पुस्तकात ज्याचं एक वाक्य आहे त्याचं इथे एक प्रकरण होतं. काही जण याला वेळेचा अपव्यय म्हणतात, कारण नीट विचारते ते त्या एका वाक्यातलंच. पण एन्झाइमची गती एकदा प्रयोगशाळेत मोजली की ते वाक्य पाठ करावं लागत नाही. पुढे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, जिथे शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या ओझ्याखाली भलेभले वाकतात, जीवरसायन तरी ओळखीचं निघतं.

हजेरीचा आक्षेप मात्र खरा आहे. सत्तर-पंचाहत्तर टक्के हजेरी, आठवड्याची प्रात्यक्षिकं, नोंदवह्या, आणि सम सत्राच्या परीक्षा नेमक्या मे-जूनमध्ये. ड्रॉपवाल्याच्या दिवसात दहा-बारा तास असतात, बीएस्सीवाल्याला सहा मिळाले तरी पुष्कळ. हे कबूल करूनही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, ड्रॉपवाला ज्या अभ्यासक्रमाला दहा तास देतो तो त्याने आधीच एकदा, कित्येकदा दोनदा, पूर्ण केलेला असतो; सातव्या महिन्यात तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना तासांची संख्या आणि उपयोग यांचं नातं सैल झालेलं असतं. दुसरी, एकाकीपणा. ज्याचे सगळे सोबती कुठेतरी दाखल झाले आहेत आणि जो स्वतः कुठलाच विद्यार्थी नाही, त्याचं वर्ष कसं जातं हे आईबापांना बाहेरून दिसत नाही. कॉलेजमध्ये मित्र असतात, शिक्षक असतात, नीट सोडून बोलायला विषय असतात. हा फायदा गुणपत्रिकेत दिसत नाही म्हणून कमी महत्त्वाचा नाही.

कॉलेजच्या वर्षांत आणखी एक गोष्ट साधते, जी शिकवणीत कधी साधत नाही: हा पेशा आपल्याला झेपेल का, हे पाहणं. अमेरिकेत प्रीमेडच्या मुलांनी रुग्णालयात सेवा केलेली असावी अशी अपेक्षाच असते. आपल्याकडे तसं कुणी विचारत नाही, पण शिंदे घाटाच्या वरच्या गल्ल्यांत राहणाऱ्याला साधनांची वाण नाही. कबीरचौऱ्याचं शिवप्रसाद गुप्त रुग्णालय जवळच आहे; लक्सावरचं रामकृष्ण मिशनचा सेवाश्रम १९०० पासून गोरगरिबांची शुश्रूषा करत आला आहे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागातली रांग, एका डॉक्टरमागे असलेले रुग्ण, नातेवाइकांचा राग, औषध परवडत नाही म्हणून परत ठेवलेली चिठ्ठी, हे कामाच्या चार दिवशी पाहिलं तरी पुष्कळ कळतं. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाशेजारी वाढलेल्या मुलाला मृत्यूची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही, असं म्हणता येईल. पण चितेजवळचा मृत्यू आणि खाटेवरचा मृत्यू यांत फरक असतो, आणि डॉक्टरचं काम दुसऱ्या प्रकाराशी येतं. हे पाहून एखादा मागे फिरला, तर तेही या वर्षांचं यशच मानायला हवं.

काशीतल्या मराठी घरांसाठी थोडं स्वतंत्र सांगायला हवं. आडनाव मराठी असलं तरी महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यात त्याचा उपयोग नाही. तिथे सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते आणि रहिवासाचा दाखलाही. या मुलांचं राज्य उत्तर प्रदेश, आणि उरलेला १५ टक्के अखिल भारतीय कोटा सर्वांना सारखा. बीएचयूचं आयुर्विज्ञान संस्थान आपल्या गावात आहे म्हणून काही सवलत मिळेल, हाही भ्रम. तिथल्या एमबीबीएसच्या जागा देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या आहेत. विद्यापीठाजवळच्या नगव्यातल्या मुलाला आणि नांदेडच्या मुलाला रांग एकच. प्रश्नपत्रिकेच्या भाषेचाही एक बारकावा आहे: नीट मराठीतून देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. वाराणसीच्या केंद्रावर इंग्रजी किंवा हिंदी धरूनच तयारी करावी लागते.

कागदपत्रांच्या बाबतीत ड्रॉप आणि बीएस्सी यांचा जमाखर्च मजेशीर आहे. घरी घालवलेल्या वर्षासाठी पुष्कळ महाविद्यालयं ‘गॅप’चं प्रतिज्ञापत्र मागतात, बीएस्सीवाल्याला ते लागत नाही, पण मध्येच जागा मिळाली तर कॉलेज सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र धावपळ करून काढावं लागतं. समुपदेशनाच्या फेऱ्यांमध्ये हाताशी चार-पाच दिवसच असतात, म्हणून मूळ गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात अडकू देऊ नयेत. बीएस्सी अर्धवट सोडल्याने ते वर्ष वाया जातं का? २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तेही पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही: एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका, अशी बाहेर पडण्याची सोय आहे आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. याउलट मिळालेल्या बीएएमएसच्या जागेवर बसून एमबीबीएसची वाट पाहण्याचा जो प्रकार रूढ होतोय, तो मला पटत नाही. आयुर्वेद शिकायचा असेल तर बीएचयूसारखी जागा नाही. तिथे आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद एकाच संस्थेत नांदतात. पण ती खुर्ची प्रतीक्षालय म्हणून अडवून वर्षभराने सोडली, तर आयुर्वेदच शिकायला उत्सुक असलेल्या कुणाची तरी संधी जाते, आणि कित्येक राज्यांत जागा सोडल्याबद्दल दंडही भरावा लागतो.

किती वेळा बसायचं, हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवावं. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि हीच तिची सर्वांत महागडी सवलत आहे. नियम थांबवत नाही म्हणून माणूस थांबत नाही. पदवीची तीन वर्षं ही मर्यादा आपोआप घालून देतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस पूर्ण ताकदीचा प्रयत्न, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आणखी एक, आणि दोन्हींत गुण वाढत नसतील तर तिसरं वर्ष पूर्णपणे आपल्या विषयाला. वैद्यकाच्या आवारात शिरण्याचे इतर मार्ग तिथून सुरू होतात: जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन. वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन अशा विषयांना मर्यादित प्रमाणात एमएस्सी-पीएचडी झालेले बिगर-एमबीबीएस शिक्षकही चालतात. यांतल्या बऱ्याच वाटा सीयूईटी-पीजीतून जातात, आणि तिचा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात निघतो, नीटच्या काही महिने आधी. तिसऱ्या वर्षीही नीट द्यायचीच असा ज्याचा हट्ट असेल, त्याने निदान हा अर्ज भरून ठेवावा.